खांदा, विमान आणि फुलांचा ट्रक

कोल्हापूरहून पश्चिमेला गगनबावड्याकडे जाऊ लागले की वस्ती विरळ होत जाते आणि वाड्या डोंगरउतारावर विखुरतात. अशा मुलखात अंत्ययात्रेचे मूळ वाहन म्हणजे तिरडी : दोन लांब कळक, त्यांवर आडव्या बांधलेल्या कामट्या आणि चार खांदे. वीरशैव लिंगायत समाजात मृतदेह बसवून नेण्याची रीत आहे. त्यासाठी बांधलेल्या, फुलांनी सजवलेल्या मखरास 'विमान' म्हणतात. फुलांच्या शववाहनाचा आपल्याकडचा इतिहास मोटारीपासून नव्हे, तर या विमानापासून सुरू करावा लागेल.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात 'फ्लॉवर कार' रूढ झाली. हेनीसारखे कारखानदार मोठ्या मोटारीच्या सांगाड्यावर मागे उघडा, उथळ हौदा बांधून देत. त्यात फक्त पुष्पचक्रे ठेवायची. मृतदेहाची पेटी बंद शववाहिकेतून जाई. तेथे फुले आणि मृत व्यक्ती यांची वाहने वेगळी झाली. आपल्याकडे ती एकच राहिली, कारण आपल्या यात्रेचा गाभा अंत्यदर्शन हा आहे. साहजिकच आपल्या कारागिरापुढचा प्रश्नही निराळा होता : देह किती उंचावर ठेवावा, म्हणजे शेवटच्या माणसालाही तो दिसेल?

१९२० साली मुंबईत लोकमान्य टिळकांचा देह पद्मासनात बसवून चौपाटीवर नेला, त्यातही हीच दृष्टी दिसते. ३१ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींच्या अंत्ययात्रेसाठी लष्करी शस्त्रवाहक गाडी निवडली गेली. रातोरात तिचा सांगाडा उतरवून वर उंच तक्तपोशी बसवण्यात आली. पण इंजिन चालवले नाही. चार दोर बांधून, प्रत्येक दोराला पन्नास माणसे लावून गाडी ओढली. यंत्र स्वीकारूनही खांद्याचा अर्थ जपण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

पुढे ट्रक स्थिरावला. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा राजगृहापासून दादरच्या चौपाटीकडे निघाली, ती फुलांनी सजवलेल्या ट्रकवरून. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे आणि २०२२ मध्ये लता मंगेशकर यांचा अखेरचा प्रवासही अशाच वाहनांवरून झाला. लक्षावधींच्या गर्दीत खांदा देणे शक्य नसते. तेव्हा खांद्याची जागा दर्शनाने घेतली आणि दर्शनाची सोय ट्रकच्या उंचीने केली.

अमेरिकेतील त्या मोटारी आज हौशी संग्राहकांनी जपल्या आहेत. आपले फुलांचे ट्रक मात्र रात्रीत उभे राहतात आणि कार्य उरकताच सुटे होतात. दुसऱ्या दिवशी तो ट्रक पुन्हा माल वाहू लागतो. विमानही तसेच, त्याचे कळक आणि फुले मागे उरत नाहीत. परिणामी सुतार, माळी, मांडववाले यांची ही कला छायाचित्रांच्या कडांपुरती उरली आहे. शोकाचा इतिहास लिहिताना आपण भाषणे आणि अग्रलेख वाचतो. ज्या तक्तपोशीवर तो शोक सर्वांना दिसला, ती बांधणाऱ्या हातांचीही नोंद त्यात असायला हवी.