अस्थिमज्जाशोथ : क्ष-किरण निदान

हाडाला जंतुसंसर्ग झाल्यावर पहिले 10 ते 14 दिवस क्ष-किरण चित्रात हाड बहुधा निर्दोष दिसते. कारण त्यातील सुमारे 30 ते 50 टक्के खनिज घटल्याशिवाय विरळता उमटत नाही. त्यामुळे चित्र स्वच्छ म्हणजे हाड निरोगी, हा निष्कर्ष घातक ठरतो. लवकर शोधण्यास एमआरआय सरस. मग क्ष-किरण चित्र काढावेच कशाला? आक्षेप रास्त, पण अपुरा. अस्थिभंग तत्काळ ओळखता येतो, शिवाय पुढील चित्रांशी तुलनेला आधार मिळतो. प्रारंभी मऊ ऊतींची सूज, मग हाडावरील आवरण उचलले जाऊन त्याखाली नवा अस्थिथर, आणि जुनाट विकारात मृत अस्थिखंडाभोवती नव्या हाडाचे कवच दिसते. युइंग सार्कोमा या कर्करोगातही असेच थर दिसत असल्याने शंका असल्यास हाडाचा नमुना जंतुसंवर्धन व ऊतिपरीक्षा या दोन्हींसाठी पाठवतात.