तोंडातील जिवाणू आणि आतड्यांचा दाह

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख विकार. पोटदुखी, वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, वजनात घट अशा लक्षणांनी बहुधा ऐन तारुण्यात गाठणाऱ्या या विकारांचे नेमके मूळ अद्याप सापडलेले नाही. आनुवंशिकता, बिघडलेली प्रतिकारशक्ती आणि आतड्यातील जिवाणूंचे ढळलेले संतुलन यांच्या जोडीला आता तोंडातील जिवाणूंकडेही संशयाने पाहिले जात आहे.

माणूस दिवसाकाठी सुमारे एक लिटर लाळ गिळतो. तिच्याबरोबर अब्जावधी जिवाणू पोटात जातात. पण जठरातील आम्ल आणि आतड्यात आधीपासून ठाण मांडून बसलेले जिवाणू त्यांना थारा देत नाहीत. क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यात मात्र फ्युसोबॅक्टेरियमसारखे मुखवासी जिवाणू अधिक प्रमाणात आढळतात. ते दाहाचे कारण की परिणाम, हा खरा प्रश्न.

जपानमधील केयो विद्यापीठाचे केन्या होंडा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये रुग्णांची लाळ जंतुविरहित उंदरांना पाजली. एका क्रोन्स-रुग्णाच्या लाळेतील क्लेब्सिएला जिवाणू उंदरांच्या आतड्यात वसला आणि त्याने प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवले. दाहाकडे आनुवंशिक कल असलेल्या उंदरांना तीव्र कोलायटिस झाला. महत्त्वाचे म्हणजे, स्वतःचे जिवाणू शाबूत असलेल्या उंदरांत त्याला जागा मिळाली नाही. अँपिसिलिन दिल्यावर मात्र मिळाली. मनाला येईल तेव्हा प्रतिजैविके घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात २०२० मध्ये उंदरांच्या हिरड्यांना दाह घडवून आणला गेला. तोंडात क्लेब्सिएला व एंटरोबॅक्टर बोकाळले आणि आधीच सुजलेल्या आतड्यांचा विकार बळावला. हिरड्यांत तयार झालेल्या प्रतिकारपेशीही आतड्यात पोहोचल्या होत्या.

हे सारे उंदरांत. हिरड्यांवरील उपचारांनी माणसाचा आतड्यांचा दाह आटोक्यात येतो, असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे पायोरियावर इलाज करून घेतला म्हणून पोटाची औषधे थांबवणे धोक्याचेच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये जिवाणूभक्षक विषाणूंचे मिश्रण वापरून उंदरांतील क्लेब्सिएला आणि दाह दोन्ही कमी केले. निरोगी स्वयंसेवकांवरील प्राथमिक चाचणीत ते सुरक्षित आढळले.