फुफीसाठी विटांचे घर

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मी रोज तासभर घर बांधत असे. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचे. घर आमचेच होते. कल्याणला दूधनाक्याजवळचे, कौलारू, पुढे ओटा आणि मागे विहीर असलेले. पंधरा वर्षांपूर्वी ते पाडले आणि तिथे सात मजली इमारत उभी राहिली. त्या जुन्या घराचा नमुना करून ईदच्या दिवशी फुफीला द्यायचा, असा बेत होता.

फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. मुंब्र्याला राहते. गुडघ्यांमुळे दोन जिने उतरणेही आता तिला जड जाते. लहानपणापासून दर ईदला तिने मला ईदी दिली. यंदा आपण तिला काही द्यावे, एवढाच सुरुवातीचा विचार होता. पण घर बांधायला घेतले आणि त्यातून एक जुना हिशेब वर आला. तो फक्त आमच्या घरचा नसावा, म्हणून इथे मांडतो आहे.

नमुने करणारे लोक

इमारतीचा छोटा नमुना करण्याची हौस आजची नाही. १५८२ साली इस्तंबूलमध्ये सुलतान तिसऱ्या मुरादने शहजादा मेहमेदच्या सुंतेचा सोहळा केला. तो पन्नासहून अधिक दिवस चालला. त्याची हकिगत सांगणाऱ्या सचित्र ग्रंथात कारागीर सुलेमानिया मशिदीचा नमुना मिरवत नेताना दिसतात. आपल्याकडचे मोहरमचे ताबूत तरी दुसरे काय आहेत? कर्बलातल्या इमाम हुसैन यांच्या रौजाची ती प्रतिकृती. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि अभ्रक यांतून उभी राहिलेली.

माझा स्वतःचा पहिला नमुना मात्र किल्ल्याचा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दिवाळी आली की पोरे अंगणात किल्ला करतात. शेजारच्या वाड्यातल्या किल्ल्यासाठी आमच्या परसातली माती जायची आणि मातीबरोबर मीही जायचो. दगड, विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप आणि पेरलेले अळीव. चार दिवसांत हिरवळ यायची. दिवाळी संपली की किल्ला मोडायचा, हेही ठरलेले असे. त्याचे कोणाला वाईट वाटत नसे, कारण पुढच्या वर्षी तो पुन्हा होणार असायचा. पाडलेल्या घराचे तसे नसते.

विटेला ‘भेट’ म्हणणारा माणूस

मुलांच्या हातात विटा देण्यामागे एक मोठा विचार आहे. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी खेळणी बनवायला सुरुवात केली. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि ठोकळे. त्यातल्या चौथ्या संचात विटेच्या आकाराचे आठ ठोकळे असत. या संचांना त्याने नाव दिले ‘गाबेन’, म्हणजे भेटी. बालवाडीची कल्पना याच माणसाची. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये त्याच्या बालवाड्यांवर बंदी घातली, ती १८६० मध्ये उठली.

हा विचार पुढे आपल्या जिल्ह्यातही आला, पण इथल्या मातीत येताना त्याने रूप बदलले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बोर्डी आणि कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहेत. आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी महागडी परदेशी साधने आणणे शक्य नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नसतील तर शाळा पाड्यातल्या अंगणात गेली.

प्लास्टिकच्या विटेची कथा यानंतरची. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन १९३२ पासून लाकडी खेळणी बनवत होता. त्याच्याच कंपनीचे नाव पुढे लेगो झाले. इंग्लंडच्या हिलरी पेजने १९४७ साली एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा बाजारात आणल्या होत्या. त्या समोर ठेवून लेगोने १९४९ मध्ये आपल्या विटा काढल्या. पण त्या घट्ट बसत नसत. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवण्याची युक्ती सापडली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज गेला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते, असे हे माप पक्के आहे.

हात आणि बटणे

माझ्याकडे सामग्री काय होती? मिळकत पत्रिकेवरचा घराचा आकार, तीस फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट खोल. तीन जुने फोटो. आणि भाच्याचा विटांचा जुना डबा. उरलेल्या विटा सुट्या विकत घेतल्या, कारण पूर्ण संच परवडणारा नव्हता. आराखडा आधी संगणकावर केला. ‘स्टुडिओ’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात एकेक वीट बसवून पाहता येते आणि शेवटी लागणाऱ्या तुकड्यांची यादीही मिळते. आमच्या घराची यादी साडेअकराशेवर गेली.

प्रमाण ठरवले १:४८. या विटांवरची बटणे एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात. म्हणजे या प्रमाणात एक बटण सव्वा फुटाचे. तीस फुटांची रुंदी चोवीस बटणांत बसली आणि पंचेचाळीस फुटांची खोली छत्तीस बटणांत. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षातले दीड फूट. दीड फूट म्हणजे एक हात!

याचा फायदा फुफीशी बोलताना झाला. तिला भेटीचे सांगितले नव्हते. जुन्या घराबद्दल लिहितो आहे, एवढेच म्हटले होते. तिला फूट-इंच सांगता येत नव्हते, पण हात बरोबर सांगता येत होते.

“फुफी, ओटा केवढा उंच होता?”

“दोन हात. मला चढायला दादांचा हात धरावा लागायचा.”

दोन हात म्हणजे दोन विटा. पायरी साधारण सहा इंचांची, ती चपट्या पट्टीएवढी. भिंती सहा हात, म्हणजे सहा विटा. छपरासाठी दोन बटणांमागे एक वीट चढत जाणारा उतार घेतला आणि तो फोटोतल्या उताराशी बरोबर जुळला. कौलांचा रंग मात्र जमेना. आमच्या घरावर मंगळुरी कौले होती. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला ही कौले काढायला सुरुवात केली आणि तिथून ती किनाऱ्याने सगळीकडे पोहोचली. त्याआधी कुंभाराने थापलेली नळीची कौले असत. पावसाळ्यांनी काळवंडलेला तो तांबडा रंग कुठल्याही डब्यात नव्हता. शेवटी लाल, तपकिरी आणि काळ्या विटा मिसळल्या.

मागची बाजू

दहा-बारा दिवसांत घराची पुढची बाजू उभी राहिली. ओटा, लाकडी खांब, दिवाणखाना, जाळीची खिडकी. मग काम अडले. तिन्ही फोटो पुढून काढलेले होते. तिन्हींत ओट्यावर बसलेले पुरुष. घराची मागची बाजू एकाही फोटोत नव्हती आणि मला ती धड आठवत नव्हती.

कल्याणच्या इतिहासाचेही असेच आहे. ‘पेरिप्लस’मध्ये या बंदराचा उल्लेख आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, ते आपण शाळेत शिकतो. १ मे १८५४ ला रेल्वे आली, तेही नोंदलेले आहे. खाडी, किल्ला, बाजार, स्टेशन, सगळे आहे. माजघरापासून मागे काय होते, ते मात्र विचारावे लागते. आणि ते ज्यांना माहीत आहे त्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत.

मी पुन्हा फुफीकडे गेलो. या वेळी ती दोन तास बोलली. माजघराच्या मागे रुंदीभर पडवी होती. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला मोरी. मधल्या भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा. परसदाराचा उंबरा झिजून मध्ये खोलगट झालेला. विहिरीचा रहाट कुरकुरायचा, म्हणून सहरीच्या वेळी तिची अम्मी रात्रीच पाणी भरून ठेवायची. रमजानमध्ये शेजारच्या वाड्यातून फळांचे ताट यायचे ते पुढच्या दाराने नाही, परसदाराने. बाया बायांकडे मागूनच जात.

“आणि १९९३ मध्ये आम्ही राहिलो ते पडवीतच,” ती म्हणाली.

हे मी विसरलो होतो. खरे सांगायचे तर सोयीने विसरलो होतो. त्या जानेवारीत मुंबईतली खोली सोडून फुफी, फुफा आणि तिची तीन मुले कल्याणला आली होती. चार महिने मागच्या पडवीत राहिली. पुढे दोन खोल्या रिकाम्या होत्या. मग मुंब्र्यात एक खोली घेऊन ती गेली. त्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे अशीच मुंब्र्याला गेली आणि ते शहर वाढत राहिले. त्या वाढीची कारणे सांगताना आपण दंगलीचे बोलतो, ते खरेच आहे. पण किती बहिणींना त्या वेळी माहेरच्या घरात हक्काने राहता आले नाही, याचे बोलत नाही.

हिबा आणि हिस्सा

आपल्या कायद्यात भेटीला हिबा म्हणतात. त्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे. कागद असलाच पाहिजे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या हफीजा बीबी खटल्यात हे स्पष्ट केले आहे. देणाऱ्याची मर्जी, हा हिब्याचा पाया.

वारसा ही मर्जीची गोष्ट नाही. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा हिस्सा कुराणाने ठरवून दिला आहे. अनेक भागांत रूढीच्या नावाखाली तो नाकारला जाई. ती रूढी बाजूला सारण्यासाठीच १९३७ चा शरियत कायदा आला, जरी शेतजमीन त्यातून वगळली गेली. तरीही घरोघरी काय होते ते आपण जाणतो. वडिलांचा इंतकाल झाला की चाळिसाव्याच्या आसपास बहिणीसमोर हक्कसोडीचा कागद येतो. ती सही करते, कारण माहेर तुटू नये. मग भाऊ तिला दर ईदला साडी आणि मिठाई देतात आणि स्वतःला उदार समजतात.

फुफीने १९८६ मध्ये सही केली होती. दोन भाऊ, एक बहीण. दादी आधीच गेलेली. म्हणजे फुफीचा हिस्सा पाचवा होता.

कन्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. तिथल्या दानलेखांत स्त्रियाही आहेत. जे दिले त्याची नोंद दगडावर राहिली. आमच्या फुफीने जे सोडले, त्याची नोंद एका कागदावर राहिली आणि त्या कागदाच्या जोरावर इमारत उभी राहिली. त्या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये मी राहतो.

एका रात्री सहज गणित केले. चोवीस गुणिले छत्तीस, म्हणजे घराची बटणे ८६४. त्यांचा पाचवा भाग साधारण १७३. मागची पडवी मी सात बटणे खोल धरली होती. चोवीस गुणिले सात, १६८. जिथे तिने आयुष्याची पहिली वीस वर्षे राबून काढली आणि जिथे ती पोरे घेऊन परत आली, ती पडवी जवळजवळ तिच्या हिश्श्याएवढी होती.

ईदचा दिवस

ईदच्या नमाजनंतर घर खोक्यात घालून मी मुंब्र्याला गेलो. लोकलमध्ये खोके मांडीवर धरून बसलो होतो. फुफीने ते टेबलावर ठेवायला सांगितले, चष्मा लावला आणि छप्पर उचलून आत पाहिले. छप्पर सुटे ठेवले होते.

“चूल डावीकडे नव्हती. उजवीकडे होती. धूर मोरीवरून बाहेर जायचा कसा मग?”

मी तिथेच विटा काढून चूल हलवली. तिच्या नातवाने मदत केली. मग तिने हळूच सगळे घर फिरवले. ओटा भिंतीकडे गेला आणि परसदार खोलीकडे आले. तेव्हापासून ते तसेच आहे.

त्या दिवशी मी तिच्याशी पैशांचे बोललो नाही. शिरखुर्मा खाताना बोलण्याचा तो विषय नव्हता. घरी येऊन बहिणीशी बोललो. अब्बा आता नाहीत. फुफीच्या पाचव्या हिश्श्यातला अर्धा अब्बांकडे आला होता आणि तो आता आम्हा भावंडांकडे आहे. आम्ही हप्त्यांनी तो फुटवायचे ठरवले आहे. चाचांना पत्र लिहिले आहे, त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. फुफीला सांगितले तेव्हा ती आधी रागावली. “मी सही केली होती ना?” म्हणाली. मग गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन करून बँकेचा खाते क्रमांक दिला.

विटांचे घर ही माझी भेट होती. हे पैसे भेट नाहीत, देणे आहे. या दोन्हींची गल्लत आपण पिढ्यानपिढ्या करत आलो. तुमच्याही घरात एखादी फुफी असेल. तिला काही द्यायला जाल तेव्हा मागची पडवी केवढी होती ते आधी विचारा.