मूत्रवाहिनीचे पुनर्निर्माण आणि जबलपूर

१८१७ च्या अखेरीस जबलपुरातून नागपूरकर भोसल्यांचा अंमल उठला. परंतु १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होताच हा इलाखा पुन्हा नागपूरच्या दफ्तराशी जोडला गेला, आणि १९५५ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले तेव्हादेखील राज्याची राजधानी नागपूर हीच होती. त्या काळी शल्यशास्त्रात मूत्रवाहिनीच्या पुनर्निर्माणाचे प्रकरण पुष्कळ अंशी नवे होते.

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी ही नलिका लांबीने वीतभराहून थोडी अधिक आणि पोकळीने अवघी तीन-चार मिलिमीटर. ती संकोच पावली की वर तुंबलेले मूत्र मूत्रपिंडाचा सावकाश नाश करते. १८६९ साली हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सायमनने, मूत्रवाहिनीला इजा झालेल्या एका स्त्रीचे निरोगी मूत्रपिंडच काढून टाकले व ती जगली, तेव्हा तो पराक्रम मानला गेला. तो पराक्रम होताही, पण न्याय मात्र नळ गळतो म्हणून विहीर बुजवण्याचा होता. १८९१ मध्ये क्यूस्टरने संकुचित भाग छेदून उरलेली नलिका मूत्रपिंडाच्या द्रोणीला जोडली. १८९४ मध्ये बोआरीने कुत्र्यांवरील प्रयोगांत मूत्राशयाच्याच भित्तीची पट्टी उचलून, तिची नळी वळून, खालचा तुटलेला भाग सांधला. आणि १९४९ मध्ये अँडरसन व हाइन्स यांनी द्रोणीजवळच्या संकोचासाठी जी पद्धत घालून दिली, ती आजही प्रमाण मानली जाते.

आपल्याकडे मूत्रवाहिनीच्या संकोचाचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. (जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पुढे ज्यांचे नाव लाभले, त्या नेताजींनाही १९३२ मध्ये जबलपूरच्या तुरुंगवासानंतर क्षयाच्या संशयाने भोवालीच्या आरोग्यधामात धाडावे लागले होते.) १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, जंतू मरू लागले, परंतु व्रण भरताना जो वण पडतो तोच नलिकेला आवळतो, आणि रोग हटत असतानाच मूत्रपिंड निकामी होते, हा विपर्यास शल्यवैद्यांना औषधांच्या युगातच ठळकपणे जाणवला. जबलपूर येथील जनजाती-आरोग्याच्या संशोधनसंस्थेने सहरिया जमातीतील क्षयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. अशा रयतेपर्यंत शल्यवैद्याचे कौशल्य वेळेवर पोहोचणे दुर्घट. त्यातून क्षयाने होणारा हा संकोच बहुधा दुखत नाही. म्हणून मूत्रमार्गाच्या क्षयावर औषध घेणाऱ्याने, बरे वाटत असले तरी, उपचार चालू असतानाच मूत्रपिंडांची सोनोग्राफी करवून घ्यावी.