आसाच्या खिळीपासून सर्क्लिपपर्यंत

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे लढाया, तह, राज्यारोहणे आणि फार तर मोठमोठी यंत्रे उभी राहतात. वाफेच्या एंजिनाचा इतिहास लिहिला जातो, आगगाडीचा लिहिला जातो, मोटारीचा तर सचित्र लिहिला जातो. पण त्या मोटारीचे भाग ज्या चिमुकल्या वस्तूंनी जागच्या जागी धरून ठेवलेले असतात, त्यांच्याकडे इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. सर्क्लिप, स्प्लिट पिन, ई-क्लिप ही ती मंडळी. त्यांची किंमत इतकी किरकोळ की हरवल्याचे दुःखही कोणी धड करीत नाही. तथापि या मंडळींची वंशावळ मोटारीपेक्षा फार जुनी आहे, आणि ती तपासून पाहिली म्हणजे घरच्या घरी मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसावर केवढी जबाबदारी येऊन पडली आहे, याचा उलगडा होतो.

हा विषय आम्हांस सुचला तो आमच्या सध्याच्या मुक्कामामुळे. बोम्मसंद्रा हे बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, आनेकल तालुक्यातले ठिकाण. या भागातील गावांच्या नावांच्या अखेरीस येणारे ‘संद्र’ हे मुळातले ‘समुद्र’, म्हणजे मोठे तळे. आज मात्र तळ्यापेक्षा कारखान्यांचाच समुद्र येथे पसरलेला दिसतो. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका थेट येथवर येऊन थांबते. तरीही बदलीच्या नोकरीत असलेल्या आमच्यासारख्यांनी जुनी मोटार घेण्याची चाल काही सुटलेली नाही. रविवारी सकाळी वसाहतीत दोन-तीन मोटारींची बॉनेटे हमखास उघडी असतात आणि कोणीतरी गुडघे टेकून जमिनीवर काहीतरी शोधीत असते. ते काहीतरी म्हणजे बहुधा उडालेली क्लिप असते!

या क्लिपांचे काम तरी काय? त्या गाडी ओढीत नाहीत की चाक फिरवीत नाहीत. दांड्यावर किंवा भोकाच्या आतल्या अंगास एक बारीक खोबण कोरलेली असते, तीत सर्क्लिप बसते आणि शेजारच्या भागास आडवी राहून त्याला सरकू देत नाही. पिस्टनमधील गजन पिनेच्या दोन्ही टोकांस अशा क्लिपा असतात. एखादी निसटली तर पिन बाजूस सरकते आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडते. स्टिअरिंगच्या सांध्यावरील खाचा पाडलेला नट ढिला होऊ नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन ओवून तिचे पाय वाकवितात. तीच नसली तर नट हळूहळू फिरत जातो आणि सांधा सुटला की हातातले चक्र निरुपयोगी होते. हे घडावयाचे ते होसूरच्या रस्त्यावर, मागेपुढे अवजड मालमोटारी धावत असताना. म्हणून या वस्तूंना क्षुल्लक म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

आमच्या पूर्वजांनीही त्यांना क्षुल्लक मानले नव्हते. आसाच्या टोकास खीळ ठोकली नाही तर चाक बाहेर पडते, हे रथ हाकणाऱ्या समाजास केव्हाच कळले होते. संस्कृतात या खिळीस ‘आणि’ असे नाव आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील सवितृसूक्तात अमर वस्तूंच्या आधारासाठी उपमा घेतली आहे ती रथाच्या याच आणीची. पाली वाङ्मयातील सिगालोवाद सुत्तात दान, गोड बोलणे, परहित आणि समभाव यांनी हे जग चालत्या रथाप्रमाणे आणीने धरून ठेविले आहे, असे सांगितले आहे. तमिळमध्ये खिळ्यास आजही आणी म्हणतात, आणि कोणाचेही मोल त्याच्या आकारावरून करू नये हे सांगताना तिरुक्कुरळाच्या कर्त्याने प्रचंड रथाच्या आसाची खीळच पुढे केली आहे. आमच्या मराठीतील ‘आणि’ची व्युत्पत्ती निराळी, पण दोन गोष्टी जोडून धरणाऱ्या त्या अव्ययास हेच रूप यावे, हा योगायोग मोठा गोड आहे.

कीर्तनातून ऐकलेली कैकेयीची कथा तर मराठी माणसास सांगावयास नको. वाल्मीकीच्या रामायणात ती बेशुद्ध दशरथास रणातून दूर नेते, एवढेच आहे. अध्यात्म रामायणात मात्र रथाची खीळ तुटून पडते आणि कैकेयी त्या भोकात स्वतःचा हात घालून रथ सावरते. पुढे जे वर मागितले गेले आणि जो वनवास घडला, त्या साऱ्याचे मूळ या कथेत एका खिळीपाशी जाऊन पोचते. असे असून मराठीत ‘खीळ बसणे’ म्हणजे काम अडणे! चालते ठेवणाऱ्या वस्तूच्या वाट्यास भाषेने हा अन्यायच दिला म्हणावयाचा.

गावगाड्यात ही खीळ लोहार घडवीत असे. ती एका गाडीची, एका भोकाच्या मापाची. पडली तर कोणाकडे जावयाचे हे सर्वांस ठाऊक असे, कारण लोहार गावातला, त्याचे बलुतेही गावातूनच ठरलेले. वस्तूवर नाव नसले तरी वस्तूमागचे माणूस माहीत होते.

कारखान्यांचा काळ आला आणि हे नाते पालटले. एकसारखे हजारो भाग तयार होऊ लागले, तेव्हा त्यांना अडवून धरणारी वस्तूही एकसारखी व झटपट बसणारी हवी झाली. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत सीगर या नावाने स्प्रिंगच्या पोलादाची कडी प्रसिद्धीस आली. जर्मन कारागीर तिला अजूनही सीगरची कडीच म्हणतात. तिच्या अंगाची रुंदी मध्यापासून टोकांकडे कमी कमी होत जाते. त्यामुळे ती पसरली किंवा आवळली तरी वर्तुळाकार राहते आणि खोबणीस सगळीकडून सारखी भिडते. एवढ्याशा कडीत केवढे गणित!

अमेरिकेतील अशा कडीचा इतिहास याहून हृद्य आहे. प्रागमध्ये १९०२ साली यिंद्रिख वाल्डेस याने टिचबटणांचा कारखाना काढला आणि आपल्या मालास नाव दिले ते आमच्या कोहिनूर हिऱ्याचे. १९३९ मध्ये नाझींनी या ज्यू कारखानदारास अटक करून छळछावणीत डांबले. कुटुंबाने खंडणी भरून त्यास सोडविले, पण १९४१ मध्ये हवाना येथे त्याचा अंत झाला. त्याच घराण्याच्या न्यूयॉर्क येथील ‘वाल्डेस कोहिनूर’ कंपनीने पुढे ‘ट्रूआर्क’ नावाच्या कड्या काढून नाव मिळविले. पोलक्याचे टिचबटण आणि यंत्रातील कडी ही एकाच घराण्याची लेकरे ठरली.

आमच्या देशात या शिस्तीचा एक आरंभ बेंगळुरूतच झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. विमानाच्या कामात एकदा काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरावयाची नाही, हा पहिला धडा असतो. वालचंदांनीच १९४४ मध्ये मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फिएट व पद्मिनी या मोटारी देशभर गेल्या. देशात प्रत्यक्ष निर्मिती करण्यास जे तयार नव्हते, अशा जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास येथून काढता पाय घेतला. आयातीवर निर्बंध असल्याने सुटा भाग दुर्मिळ झाला आणि जुनी क्लिप हातोडीने सरळ करून पुन्हा बसविण्याची सवय आमच्या हाडीमासी भिनली. त्या काळी ती काटकसर होती. आज ती केवळ सवय उरली आहे. आता सर्क्लिपला आय. एस. ३०७५ हे भारतीय मानक आहे आणि माप सांगितले की नवी मिळते. खात्यातील माणसास हा क्रमांक नस्तीच्या क्रमांकासारखा ओळखीचा वाटावा!

पण यातच एक मोठा फरक दडला आहे. क्रमांक आला आणि लोहार गेला. कडी कोणी घडविली हे आता कोणी विचारीत नाही. तेव्हा ती कोणी बसविली, हाच प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून बसविण्याचे शास्त्र घरगुती कारागिराने नीट जाणले पाहिजे. भोकातल्या कडीला आवळणारी पक्कड निराळी आणि दांड्यावरच्या कडीला फाकविणारी निराळी. पेचकसाने उचकटू गेल्यास कडी वाकते, नाही तर डोळ्याच्या दिशेने उडते, यास्तव चष्मा लावावा आणि वर फडके धरावे. जरुरीपुरतेच फाकवावे, कारण मर्यादेबाहेर ताणलेल्या पोलादाची पकड परत येत नाही. पत्र्यातून ठोकून काढलेल्या कडीची एक बाजू गोलसर आणि दुसरी धारदार असते. धारदार बाजू अडवावयाच्या भागाकडे न ठेवता त्याच्या विरुद्ध अंगास, खोबणीच्या भिंतीकडे ठेवावी. खोबणीतील मळी आधी खरवडून काढावी आणि कडी बसल्यावर ती खोबणीत फिरवून पाहावी. जी कडी सर्व बाजूंनी खोबणीत उतरलेली नाही ती बसलेलीच नाही. मारुती ८०० च्या काच वर-खाली करण्याच्या दांडीमागील तारेची क्लिप फडक्याची कड मागून घासत नेली की सुटून येते. ती परत वापरली तर फार तर दांडी हातात येईल; पण स्टिअरिंगच्या आणि ब्रेकच्या कामात जुन्या क्लिपेवर दया दाखविणे हा घरच्या माणसांवर निर्दयपणा होय.

मुलूख सोडून चाकरीसाठी दूरदूर विखुरलेल्या आमच्या वाचकांस हे सांगण्याचा अधिकार आम्हांस वाटतो, तो त्यांतलेच एक म्हणून. कचेरीच्या प्रचंड रथात आमची जागा आसाच्या टोकाचीच आहे. तेथे कोणाचे लक्ष जात नाही, आणि जोवर सर्व सुरळीत आहे तोवर जाऊही नये. रथ ओढण्याचा मान घोड्यांचा आणि मिरविण्याचा आत बसणाऱ्यांचा. सुटून न जाणे एवढेच खिळीचे कर्तव्य. मात्र मोटारीच्या बाबतीत खीळ आपण नसून ती बसविणारे आपण असतो. गावचा लोहार आता तेथे उभा नाही. पक्कड ज्याच्या हातात, त्याचाच तो शब्द.