प्लॅटिनम-औषधे आणि डीएनए-दुरुस्ती

सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमयुक्त औषधे कर्करोगाच्या पेशीतील डीएनएला इजा करून ती पेशी मारतात. झालेली इजा पेशी किती लवकर आणि कोणत्या मार्गाने दुरुस्त करते, यावर ती औषधाला दाद देणार की नाही हे मोठ्या अंशी ठरते.

पेशींचे विभाजन थांबवण्याचा सिसप्लॅटिनचा गुण १९६५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत योगायोगाने उघड झाला. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला मान्यता मिळाली. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने औषधाचा रेणू स्थिर राहतो. पेशीत ते कमी असते. तिथे रेणूतील क्लोराइड सुटून त्याची जागा पाणी घेते आणि मोकळा झालेला प्लॅटिनम मुख्यतः डीएनएतील ग्वानीन या बेसला चिकटतो. बहुतेक बंध एकाच धाग्यावरच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन बेसमध्ये होतात आणि त्यामुळे डीएनएला बाक येतो. थोडे बंध मात्र दोन्ही धागे एकमेकांना जखडून टाकतात. संख्येने कमी असले तरी हे बंध फार घातक असतात, कारण धागे विलग झाल्याखेरीज डीएनएची प्रत निघत नाही.

एका धाग्यावरील बंध काढण्याचे काम न्यूक्लिओटाइड-उच्छेदन दुरुस्ती करते. एक्सपीए हे प्रथिन इजेची जागा पक्की करण्यास मदत करते. ईआरसीसी१ व एक्सपीएफ यांची जोडी इजेच्या एका बाजूला धागा कापते, दुसरे विकर दुसऱ्या बाजूला कापते. सुमारे ३० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा निघून जातो आणि ती जागा नव्याने भरली जाते. वृषणाच्या कर्करोगात ही प्रथिने कमी आढळतात. तो शरीरात पसरलेला असतानाही सिसप्लॅटिनवर आधारित उपचारांनी बहुतांश रुग्णांत बरा होतो, यामागचे हे एक कारण मानले जाते. एकमेव मात्र नव्हे: या पेशी मुळातच आत्मनाशाकडे सहज वळतात.

जखडलेले धागे सोडवायला फॅन्कोनी नावाचा दुरुस्ती-मार्ग आणि समजात पुनर्संयोजन (डीएनएच्या समान प्रतीवरून तुटलेला भाग दुरुस्त करणे) लागते. पुनर्संयोजनात बीआरसीए१ व बीआरसीए२ यांची गरज असते. या जनुकांत दोष असलेले अंडाशयाचे कर्करोग प्लॅटिनमला चांगली दाद देतात, याचे मूळ इथे आहे. पण उपचारांच्या दडपणाखाली काही पेशींत त्याच जनुकात दुसरे उत्परिवर्तन होऊन प्रथिन पुन्हा कामाला लागते. २००८ मध्ये बीआरसीए२ बाबत हे दाखवले गेले, आणि वैद्यकाच्या दृष्टीने या विषयातला सर्वांत चिंताजनक भाग हाच आहे. पार्प या विकराला रोखणारी औषधेही पुनर्संयोजनाच्या याच उणिवेवर बेतलेली असल्याने अशा पेशींवर तीही निष्प्रभ ठरू शकतात.

दुरुस्ती दुबळी म्हणजे औषध प्रभावी, हे समीकरण सरसकट लागू होत नाही. बेसच्या चुकीच्या जोड्या सुधारणारी यंत्रणा सिसप्लॅटिनच्या इजेवरही येऊन बसते, ती काढू शकत नाही, आणि पेशीला मरणाचा इशारा देते. एमएलएच१ हे प्रथिन गमावून ही यंत्रणा बंद पडली, तर प्रयोगशाळेतील पेशी सिसप्लॅटिन व कार्बोप्लॅटिनपुढे अधिक तग धरतात. ऑक्झॅलिप्लॅटिनची इजा ही यंत्रणा तशी ओळखत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हा फरक दिसत नाही. याखेरीज पोलिमरेज ईटासारखी विकरे इजा न काढताच तिच्यावरून प्रत पुढे नेतात. तेही पेशीला वाचवते.

या ज्ञानावरून रुग्णासाठी उपचार निवडण्याचा प्रयत्न फुप्फुसाच्या कर्करोगात झाला. ईआरसीसी१ नसलेल्या अर्बुदांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या सिसप्लॅटिनयुक्त उपचारांचा फायदा होतो, असे २००६ च्या अभ्यासात दिसले. २०१३ मध्ये मात्र अर्बुदातील ईआरसीसी१ ओळखण्यासाठी उपलब्ध असलेल्या प्रतिपिंडांची कसून तपासणी झाली. ईआरसीसी१ची चार रूपे असून दुरुस्तीच्या कामाचे एकच आहे आणि ते वेगळे ओळखणे एकाही प्रतिपिंडाला जमले नाही. त्यामुळे ही चाचणी मागे पडली. अंडाशयाच्या कर्करोगात आजही बीआरसीए-तपासणीच्या जोडीला मागील प्लॅटिनम-उपचारानंतर रोग किती काळ दूर राहिला हे पाहिले जाते. सहा महिन्यांच्या आत तो परतला, तर रूढ वर्गीकरणानुसार त्याला प्लॅटिनम-प्रतिरोधी म्हणतात.