हरित हायड्रोजन आणि स्वस्त उत्प्रेरकांचा शोध

सूर्य, वारा किंवा वाहत्या पाण्यापासून मिळालेली वीज वापरून पाण्याचे विघटन केले असता जो हायड्रोजन मिळतो, त्यास हरित हायड्रोजन म्हणतात. देशात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९ हजार ७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही स्वतंत्र धोरणाला मान्यता दिली.

एवढे पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न लगेच विचारला जातो. कर्जत-खालापूर परिसराला तो अधिक जवळचा वाटेल. टाटांचे खोपोली वीजकेंद्र १९१५ मध्ये, तर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी जनित्रे फिरवून खाली येते. खोपोलीचे पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे राजनाल्यातून कर्जतच्या शेतीला.

उदाहरणादाखल खोपोलीचाच हिशेब मांडू. ७२ मेगावॉटच्या या केंद्राने तासभर पूर्ण क्षमतेने वीज निर्माण केली, तर सुमारे ५०० मीटर उंचीवरून अंदाजे सहा कोटी लिटर पाणी खाली येते. एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे त्या तासाच्या विजेतून मिळेल १३०० ते १४०० किलो हायड्रोजन, आणि त्यासाठी पाणी खर्ची पडेल किलोमागे ९ लिटर या दराने बारा-तेरा हजार लिटर. शुद्धीकरण व शीतकरण धरून ते दुप्पट-तिप्पट झाले, तरी टँकरच्या तीन-चार खेपांइतकेच. खरी चणचण आहे ती विजेची.

तत्त्वतः १.२३ व्होल्टला पाण्याचे विघटन होते, प्रत्यक्षात १.८ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब द्यावा लागतो. यातील बरीच गळती धनाग्रावर होते. तेथे प्राणवायूचा एक रेणू सुटण्यासाठी चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात आणि ही क्रिया संथ असते. उत्प्रेरक तिला वेग देतो. दाब ०.१ व्होल्टने जरी उतरला, तरी किलोमागे सुमारे २.७ युनिट वाचतात.

आम्लधर्मी पटलाच्या विद्युत अपघटन पात्रांत या कामी इरिडियमचे ऑक्साइड वापरतात. मात्र इरिडियमचे जगभरातील वार्षिक उत्पादन जेमतेम सात-आठ टन, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. म्हणून निकेल, लोह, कोबाल्ट, मँगनीज यांच्या ऑक्साइडांकडे संशोधक वळले. निकेल-लोहाची जोडी तर एका अर्थी अशुद्धीतून पुढे आली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात राहून गेलेले लोहाचे अंशही निकेल ऑक्साइडचे काम सुधारतात, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले.

ही ऑक्साइडे अल्कधर्मी द्रावणात तग धरतात, आम्लात बहुधा विरघळतात. सौर विजेवर तर आणखी एक अडचण आहे. ढग आले किंवा सूर्य मावळला की पुरवठा तुटतो, पात्रात काही काळ उलटा प्रवाह वाहतो आणि विद्युतअग्रे झिजतात. कारखान्यातील पात्राकडून हजारो तासांच्या सेवेची अपेक्षा असते. प्रयोगशाळेत शे-दोनशे तास टिकलेल्या स्वस्त उत्प्रेरकाची कसोटी येथे लागते.